बोट कोणाच्या हिशेबाने?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे सोबती आहेत. त्याच वर्षी मुंबई-विजयदुर्ग रो-रो सेवेची घोषणा झाली. कोकणच्या जुन्या बंदरांना बोटीने भेट देण्याचा विषय त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणून आपल्यापैकी अनेकजण तो बाजूला सारतील. मला ते मान्य नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण, वेंगुर्ले ही गावे समुद्राकडे तोंड करून वसली. सुवर्णदुर्गाचा तट पाण्यातून वर येताना पाहावा, दाभोळची जुनी मशीद खाडीतून दिसावी, वेंगुर्ल्याची पडकी डच वखार बंदराच्या बाजूने गाठावी. घाट उतरून एस.टी.ने येणारा माणूस या गावांत मागल्या दाराने शिरतो. समोरच्या दाराने येण्याचा आनंद गिरणी कामगाराच्या नातवालाही मिळाला पाहिजे. फुरसत ही कोणा एका वर्गाची मिरास नव्हे. वाद बोटीविषयी नाही. ती कोणाच्या हिशेबाने धावणार, याविषयी आहे.

आज साठी ओलांडलेल्यांना भाऊच्या धक्क्यावरची गर्दी आठवत असेल. डेकवर वळकट्या पसरलेल्या, ट्रंकांवर मुले झोपलेली. अनेक ठिकाणी धक्काच नसल्यामुळे आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि हेलकावणाऱ्या पडावात माणसे उतरत. बंदरामागून बंदर असे मागे पडे. याला सहल म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. त्या काळाचे गोडवे मात्र कोणी गाऊ नयेत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती ज्या सहकारी कंपनीची होती, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्या ‘माझी’ शब्दात किनाऱ्यावरच्या माणसाचा बोटीवरचा हक्क होता. ऐंशीच्या दशकाअखेर मुंबई-गोवा आगबोट बंद पडली, तेव्हा तो हक्कही निकालात निघाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली हे खरे, पण तिची स्थानके या खाडीमुखांपासून दूर आहेत.

नव्या रो-रोचे घोषणेच्या वेळी सांगितलेले किमान भाडे अडीच हजार रुपये होते. शिमग्याला गावी जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने एका खेपेला दहा हजार मोजावेत काय? मग डेकवर उरतील ते दुर्बीण घेतलेले पाहुणे, आणि गाव काठावरून बोटीकडे बघत राहील.

हे अपरिहार्य मुळीच नाही. नॉर्वेमध्ये १८९३ साली सुरू झालेली किनारी बोटसेवा आज बर्गेनहून किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे घेते. परदेशी पर्यटक त्या सफरीसाठी भरपूर पैसे मोजतात. आणि त्याच बोटीतून पुढच्या गावी निघालेला स्थानिक माणूस व दुकानदाराचा मालही जातो. तेथील शासन बोट-कंपन्यांशी करार करून पैसे देते, ते स्थानिक वाहतूक चालू राहावी म्हणून. पर्यटकाचाही त्यात तोटा नाही. राबते बंदर पाहायला मिळते, नटवलेले नव्हे.

आपल्याकडे ‘परवडत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. धक्का सार्वजनिक पैशातून बांधायचा, गाळही त्याच पैशातून काढायचा आणि भाडे तेवढे बाजाराने ठरवायचे, हा कुठला न्याय? परवान्यातच अटी घाला : काही जागा एस.टी.च्या दराने, आंबा-मासळीसाठी राखीव जागा, आणि किल्ल्यापुढच्या छोट्या बंदरांतही थांबा.

शिवाय धक्क्याची जागा कोण ठरवणार? हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो. होड्या लावायला आणि मासळी वाळवायला जागा लागते. पर्यटकांची उतरण्याची सोय त्याच वाळूवर होणार असेल, तर आराखडा मंजूर होण्याआधी मच्छिमार सोसायटीपुढे ठेवला गेला पाहिजे. बंदरगावांतील आपल्या कार्यकर्त्यांनी तो आराखडा आजच मागून घ्यावा. उद्घाटनाचा मांडव पडल्यावर निवेदन घेऊन जाण्यात अर्थ नाही.