विश्लेषण : संदेश पोहोचला, पण ज्येष्ठ लसकेंद्रापर्यंत का पोहोचले नाहीत?

करोनाकाळात ज्येष्ठांसाठी सूचनांची कमतरता नव्हती. फोन लावला तरी आधी खोकला आणि मग खबरदारीचा संदेश ऐकू यायचा. तरीही लसीकरण सुरू झाल्यावर अनेक वृद्धांना लस मिळवताना अडथळ्यांची शर्यत पार करावी लागली. असे का झाले आणि पुढच्या साथीसाठी त्यातून काय शिकायचे?

सुरुवातीचा संदेश काय होता?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नये, असे केंद्राने सांगितले. संदेश सोपा होता आणि पाळण्यासाठी ॲप, ओटीपी असे काही लागत नव्हते. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकांनी घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजली, सहव्याधींची नोंद केली. म्हणजे यंत्रणा दारापर्यंत आली होती.

मग अडचण कुठे आली?

१ मार्च २०२१ रोजी ६० वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले आणि संदेश उलटा झाला. वर्षभर ‘बाहेर पडू नका’ ऐकलेल्यांना आता ‘केंद्रावर या’ सांगितले जात होते, तेही दुसरी लाट चढत असताना. आता भीती का बाळगू नये, हे समजावून सांगणारे कमी होते.

त्यातच ‘कोविन’वर नोंदणी करायची तर मोबाइल क्रमांक, ओटीपी, ओळखपत्र, पिनकोड आणि मग वेळेची निवड असे टप्पे होते. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर मदत लागायची. एका क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे. घरात मुले-नातवंडे असतील तर प्रश्न सुटायचा, एकट्या राहणाऱ्यांचा नाही. पोर्टलवर मराठीचा पर्याय आला तो जून २०२१ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांनी. थेट केंद्रावर नोंदणीची सोय होती. पण साठा संपला की रांगेतून परत फिरावे लागे.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय?

त्यांच्यासाठी जागृतीचा काहीच उपयोग नव्हता. ७५ वर्षांवरील आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यावी, या मागणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. लस वाया जाण्याची आणि दुष्परिणाम झाल्यास तातडीने उपचार न मिळण्याची शक्यता, अशी कारणे केंद्राने दिली आणि ‘घराजवळ’ लसीकरणाचा पर्याय पुढे केला. मुंबईत अशा रुग्णांना घरी लस देण्यास सुरुवात झाली ती जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशभर ‘हर घर दस्तक’ मोहीम आली. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

धडा काय?

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठीपुढील लोकसंख्या सुमारे १० टक्के होती. हे प्रमाण वाढतच आहे. ‘काय करा’ इतके सांगून मोहीम संपत नाही. ‘कसे, कुठे आणि कोणाच्या मदतीने’ हेही सांगावे लागते. सल्ला बदलला तर तो का बदलला, हेही सांगायला हवे. एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणावरील ज्येष्ठांची प्रभागनिहाय, गावनिहाय यादी साथ येण्याआधीच तयार असेल, तर आशा सेविकांना थेट त्या दारापर्यंत जाता येईल.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही हे स्मार्टफोनवर वाचत आहात. शेजारच्या आजी कदाचित वाचू शकणार नाहीत. त्यांच्याकडे संदेश नुसता ‘फॉरवर्ड’ न करता नोंदणी करून द्या, सोबत केंद्रावर जा. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा टोल-फ्री क्रमांकही त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.