पान्याआधी सूक्ष्ममापी

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू झाली. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या या जुन्या गाड्या आजही काही हौशी मंडळी अंगणात स्वतः दुरुस्त करतात. इंजिनातून ‘ठक ठक’ असा जड आवाज येऊ लागला आणि तेलाचा दाब उतरला, की क्रँकशाफ्टची बेअरिंगे झिजली असावीत असा संशय येतो. ती घरी बदलावीत काय? माझे मत असे, की जरूर बदलावीत. पण पाना उचलण्याबरोबर सूक्ष्ममापीही हाती घ्यावा. मोजमाप न करता बदललेली बेअरिंगे म्हणजे निदान न करता दिलेले औषध होय.

असे का, ते पाहू. मराठी परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ म्हणतात. जुन्या जीपच्या चार सिलिंडरांच्या, २.२ लिटर इंजिनात क्रँकशाफ्ट तीन मुख्य धारव्यांवर फिरतो. तेथे त्याचा व्यास सुमारे ५९ मिलिमीटर, म्हणजे परिघ सुमारे १८५ मिलिमीटर असतो. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील तर पृष्ठभागाचा वेग किती? सेकंदाला नऊ मीटरहून अधिक! या वेगाने धातूवर धातू घासला तर धारव्याचा मऊ थर पाहता पाहता वितळेल. तो वाचतो तो मधल्या तेलाच्या पातळ थरामुळे.

१८८३ साली टॉवर या इंग्रज अभियंत्याने आगगाडीच्या आसाच्या धारव्यावर प्रयोग केले. धारव्याला पाडलेल्या भोकात त्याने बसवलेले लाकडी बूच तेलाच्या दाबाने बाहेर ढकलले जाई. फिरणारा आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढून नेतो आणि तेथे निर्माण झालेला दाब सारा भार उचलतो, असे यातून दिसले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

म्हणजे सारे महत्त्व त्या फटीला आहे. ढोबळ नियमाने ती व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, येथे सुमारे ०.०६ मिलिमीटर असते. साधारण केसाच्या जाडीएवढी. फट फार कमी झाली तर थर तुटतो. ती दुप्पट झाली तर तेलाची गळती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मग दाब उतरतो आणि शेजारचे धारवेही उपाशी राहतात.

जीपचे इंजिन न उतरवता, खालची तेलाची टाकी काढून, धारव्याचे दोन्ही अर्धे भाग बदलता येतात. या सोयीतच धोका आहे. क्रँकशाफ्टचा गोल भाग लंबगोल झिजला असेल किंवा त्यावर चरे पडले असतील, तर नवा धारवाही लवकरच निकामी होतो. म्हणून प्रत्येक गोल भागाचा व्यास काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. झीज मर्यादेबाहेर असेल तर क्रँकशाफ्ट काढून कारखान्यात घासून घ्यावा व ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाचे धारवे बसवावेत. धारव्यामागे कागद किंवा पत्रा सरकवून आवाज बंद करणे ही शुद्ध फसवणूक आहे.

कोणी म्हणेल, मुरलेल्या मिस्त्रीला मोजमाप कशाला? त्याचा कान आणि बोट पुरे! त्या कानाविषयी मला आदर आहे. रोग आहे, हे कान सांगतो. किती आहे, ते आकडाच सांगतो. चांगला मिस्त्री दोघांचेही ऐकतो.

आता शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत सूक्ष्ममापीने तारेचा व्यास मोजला, की वही मिटते. त्या आकड्यावर काही अवलंबून आहे, असे विद्यार्थ्याला कधी वाटत नाही. भंगारातून एखादा जुना क्रँकशाफ्ट आणावा आणि विद्यार्थ्यांकडून त्याची मापे घ्यावीत. ‘हा चालेल की घासावा?’ हे त्यांनीच ठरवावे. गाडीखाली शिरण्याचे काम मात्र जाणत्या मोठ्या माणसांवर सोपवावे, आणि त्यांनीही केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये.

०.०१ मिलिमीटरचा फरक एका इंजिनाचे आयुष्य ठरवू शकतो, हे ज्याने हाताने अनुभवले, तो वहीतले दशांश चिन्ह कधीही निष्काळजीपणे टाकणार नाही.