बिघाड यंत्राचा, कीं विचाराचा?

सुशिक्षित घरांत एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्या यंत्राची परीक्षा होण्यापूर्वीं तें ज्यानें हाताळलें त्याची परीक्षा होते, आणि तींत तो बहुधा नापास ठरतो. गेल्या पावसाळ्यांत मुळशी तालुक्यांतील आमच्या घरीं हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. आमच्या भाच्यानें सुटे भाग आणून स्वतःच्या हातानें संगणक जुळविला. दोन दिवस त्याचें कौतुक झालें. तिसऱ्या दिवसापासून यंत्र निळा पडदा दाखवून मध्येंच बंद पडूं लागलें. कधीं तासानें, कधीं पांच मिनिटांनीं. कौतुक करणारांचीं तोंडें लगेच फिरलीं. "हीं कामें आपलीं नव्हेत," असें वडील मंडळींनीं सुनावलें, आणि पोरगा आठ दिवसांत इतका खचला कीं, स्क्रूड्रायव्हर हातांत घेण्याचें त्यानें सोडलें. आमचें भांडण त्या "आपलीं नव्हेत" या दोन शब्दांच्या निकालाशीं आहे.

प्रथम विजेचा प्रवाद. मुळशीकर माणूस विजेला दोष देण्यास सदैव तयार असतो, आणि त्याला तसा अधिकारहि आहे. येथें टाटांनीं धरण बांधलें, घरेंदारें व भातशेतें पाण्याखालीं गेलीं, १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला, सेनापति बापट तुरुंगांत गेले. आणि त्या पाण्याची वीज भिरा येथें निर्माण होऊन मुंबईला गेली. परंतु ऐतिहासिक गाऱ्हाणें हें निदान नव्हे. आम्हीं यू. पी. एस. जोडला, तरी यंत्र पूर्वींप्रमाणेंच बंद पडत राहिलें. कारण दूर केल्यावरहि कार्य जर तसेंच राहिलें, तर तें त्याचें कारण नव्हे. हा विचार आमच्या नैयायिकांनीं अन्वय-व्यतिरेक या नांवानें शतकांपूर्वीं मांडून ठेवला. आम्ही तो परीक्षेपुरता घोकतों आणि घरांत येतांना जोड्यांबरोबर बाहेर ठेवतों!

मग एका हुशार नातलगानें विंडोजची नोंदवही उघडून "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद शोधून काढली, व "पॉवर" हा शब्द पाहून पॉवर-सप्लाय बदलण्याचा निकाल दिला. ही नोंद इतकेंच सांगते कीं, यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हा सुरू झालें. रोगी पडला हें तिच्यावरून कळतें. कां पडला हें कळत नाहीं. नवा पॉवर-सप्लाय आला, पैसे गेले, बिघाड राहिला. दुसऱ्यानें विंडोजच दोनदां नव्यानें बसविलें. त्यानंतर यंत्र योगायोगानें एक दिवस नीट चाललें, तेव्हां पेढे वाटण्यापर्यंत मजल गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडल्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

शेवटीं भाच्यास पुन्हा बसविलें व एकच अट घातली: एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहींत नोंद. मेमटेस्ट८६ ही चांचणी पेन-ड्राइव्हवरून चालते. तिला विंडोज लागत नाहीं. ती रात्रभर चालविली, आणि सकाळीं पडद्यावर चुकांची रांग! विंडोज मुळीं चालूच नसतां जर रॅम चुकते, तर विंडोजवर झालेल्या दोन्ही शस्त्रक्रिया निरोगी अवयवावर झाल्या, हें उघड आहे. मग रॅमच्या चारहि पट्ट्या त्याच वेगानें एकेक करून तपासल्या. चारहि निर्दोष. येथें बहुतेक लोक हात टेकतात. पण दोष कोणा एका पट्टींत नव्हताच, तो त्यांच्या संगतींत होता. डबीवर ६००० हा वेग छापलेला होता, आणि बायोसमधील एक्स्पो या सोयीनें तो चालू केलेला होता. तो वेग म्हणजे हमी नव्हे, हौस आहे. आमच्या यंत्रांतील रायझेन ७००० मालिकेच्या प्रोसेसरची हमी दोन पट्ट्यांस ५२०० व चार पट्ट्यांस ३६०० एवढीच आहे. एक्स्पो बंद केलें, चुका गेल्या. चालू केलें, परत आल्या. पुन्हा बंद केलें, पुन्हा गेल्या. मग दोन पट्ट्या काढून ६००० चा वेग दिला, तर रात्रभर एकहि चूक नाहीं.

"तयार यंत्र घेतलें असतें तर?" हा आक्षेप सर्वस्वीं पोकळ नाहीं. घरीं जुळविलेल्या यंत्राबद्दल जाब विचारण्यास एकच एक दुकानदार सांपडत नाहीं; ज्यास सवड नाहीं त्यानें खुशाल तयार यंत्र घ्यावें. पण तयार यंत्र बिघडत नाहीं ही समजूत भाबडी आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर असेच अस्थिर झाले. त्यांस विजेचा दाब वाजवीपेक्षां अधिक मिळत होता हें २०२४ सालीं कंपनीनें मान्य केलें, ऑगस्टमध्यें सुधारणा दिली, हमी दोन वर्षांनीं वाढविली. तरी आधींच इजा पावलेले प्रोसेसर त्या सुधारणेनें बरे होणारे नव्हते. पेटी दुकानांत बंद झाली कीं घरांत, याची त्या प्रोसेसरांनीं चौकशी केली नाहीं.

आणि "आपलीं कामें" तरी कोणतीं? याच तालुक्यांत हिंजवडी आहे. तेथील कांचेच्या इमारतींत मुलास नोकरी लागावी म्हणून जे आईबाप नवस बोलतात, तेच त्यानें घरीं संगणकाची पेटी उघडली कीं कपाळाला आठ्या घालतात. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जो टिफ्रॅक संगणक कार्यान्वित झाला, तो त्या संस्थेंतील मंडळींनीं स्वतःच घडविला होता. त्यांच्या वडील मंडळींनीं काय म्हटलें असेल कोण जाणे!

उरलेल्या दोन पट्ट्या आमच्या कपाटांत पडून आहेत. दुकानदार त्या परत घेत नाहीं. "मामा, माल निर्दोष आहे असें तो म्हणतो," भाचा सांगत आला. आणि तें आम्हींच वहींत लिहून सिद्ध केलेलें असल्यामुळें त्याच्याशीं भांडण्याचीहि सोय राहिलेली नाहीं.