परत गेलेले पैसे कुणाचे?

मार्च संपत आला की पेपरच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास दिसते : ‘अखर्चित निधी शासनाकडे परत’. आकडे, खात्यांची नावं बघूनच कंटाळा येतो आणि आपण पान उलटतो. पण ती बातमी वादळाच्या मदतीची असेल, तर जरा थांबा. त्या आकड्यात तुमच्या आजीच्या घराचे पत्रे असू शकतात.

निसर्ग चक्रीवादळ आठवतंय? ३ जून २०२०. लॉकडाउन होता, तुम्ही बहुतेक शाळेत असाल. रायगडच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारनं दोनच दिवसांत रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. पुढे फळबागांसाठी मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केला.

ऐकायला भारी वाटतं ना? आता हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठ्यांची वाडी असेल तर हातात येणार २,५०० रुपये. आणि नवीन लावलेली पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. ओरड झाल्यावर सरकारला झाडांच्या संख्येवर मदत द्यायचा निर्णय घ्यावा लागला.

गोष्ट इथं संपत नाही. सातबारा काढा. त्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी दहा नावं. निम्मे मुंबईला, दोघं हयात नाहीत. मदत एकाच्या खात्यावर हवी तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. अडीच हजारांसाठी एवढी धावपळ कोण करणार? कुणाचं बँक खातं बंद पडलेलं, कुणाचा आयएफएससी कोड चुकलेला. पंचनामा झाला, यादीत नाव आलं, पैसेही तालुक्याला आले. पण घरापर्यंत पोचलेच नाहीत. असे पैसे पडून राहतात आणि आर्थिक वर्ष संपताना परत करावे लागतात. सरकारी भाषेत याला ‘निधी समर्पित करणे’ म्हणतात. शब्द किती छान आहे बघा!

आता दुसरी बाजू. पैसे परत गेले म्हणजे घोटाळाच, असं नाही. समजा, शाळेचं छप्पर दुरुस्त करायला तीन लाख मंजूर झाले आणि काम अडीच लाखांत नीट झालं, तर उरलेले पन्नास हजार परत जायलाच हवेत. मार्चअखेर घाईघाईत कुठंतरी उडवण्यापेक्षा ते बरं. घोळ असा, की बातमीत दोन्ही पैसे एकाच आकड्यात येतात. वाचवलेलेही आणि न पोचलेलेही.

राज्याच्या दृष्टीनं हा पैसा बुडत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा असतो आणि त्यातली शिल्लक पुढच्या वर्षात जाते. तिजोरीत पैसे सुरक्षित राहतात. पण ज्या घरावर पत्रा नाही, त्याला पुढच्या वर्षीची शिल्लक काय कामाची? त्यानं तोवर कर्ज काढून छप्पर घातलेलं असतं.

मग आपण काय करायचं? निषेधाची स्टोरी टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती आले? किती वाटले? उरलेले नेमके कशामुळे परत गेले? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मदत मंजूर होऊनही न मिळालेल्यांची यादी मागा. वय १८ पूर्ण असेल आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. ती यादी तिथं मोठ्यानं वाचायला लावा.

आणि या सुट्टीत गावी गेलात, तर एक साधं काम करा. आजीचं बँक पासबुक बघा, खातं चालू आहे का ते तपासा आणि सातबाऱ्यावरच्या वारसांची नोंद कुठवर आलीय ते विचारा. पुढचं वादळ येण्याआधी करण्यासारखं आहे हे. वादळ गेल्यावर या कागदांसाठी रांग लागते आणि मार्च कुणासाठी थांबत नाही.