वेतनावांचून लेखणी

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील परवां चिंताक्रांत होऊन आले. मुलगा ठाण्यांतील कायम नोकरी सोडून परदेशांत स्वतंत्र वार्ताहर होऊं पाहतो! या व्यवसायांत मासिक वेतन नाहीं. लेख छापला तरच मानधन, प्रवासखर्च बहुधा पदरचा. तथापि डोंबिवलीचे गोविंदराव तळवलकर (जन्म १९२५) पाहावे. १९६८ ते १९९६ 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक राहून ते पुढें अमेरिकेंत गेले. तेथूनहि वार्धक्यांत मराठी वाचकांसाठीं लिहीत राहिले. २०१७ सालीं ह्यूस्टन येथें निवर्तले. त्यांचें भांडवल अखंड वाचनाचें. आम्हीं म्हटलें, "चिरंजीवांस आधीं वर्षाची शिदोरी गांठीं बांधूं द्यावी, त्या देशाची भाषा शिकूं द्यावी, मग अडवूं नये." पेन्शनीच्या आशेनें आम्ही स्वतः कल्याणपलीकडे गेलों नाहीं, याची खंत अद्यापि आहे.