पदरी पुण्य किती?

३१ ऑक्टोबर म्हटले की आपल्याकडे सरदार पटेलांची जयंती आणि इंदिरा गांधींची पुण्यतिथी आठवते. शाळांत एकतेची शपथ होते, कार्यालयांत प्रतिमेला हार पडतो आणि दिवस मावळतो. जिंतूर तालुक्यातल्या बोरी परिसरात तर या दिवसांत तारखेची शुद्ध कुणाला नसते. सोयाबीन मळून अडत्याकडे गेलेले असते, कापसाची वेचणी सुरू असते आणि वेचणीला बाया मिळत नाहीत ही एकच चिंता गावभर असते. याच तारखेला जगभरचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मसुधारणेचा दिवस पाळतात. १५१७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथर या मठवासी प्राध्यापकाने पंचाण्णव मुद्दे मांडले आणि पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकून रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामाला पैसा उभा करणाऱ्या व्यवस्थेलाच हात घातला. ‘केवळ विश्वासाने तारण’ हा सिद्धांत त्या पत्रकात स्पष्टपणे नव्हता, तो पुढच्या काही वर्षांत आकाराला आला. पण प्रश्न तेव्हाच पेटला होता. माणूस तरतो तो देवावरच्या विश्वासाने, की हातून घडलेल्या कर्मांनी?

जिंतूर तालुक्यातल्या गावाला याचे काय, असे कुणी विचारील. त्याने सप्ताहाच्या काल्याला मंडपात येऊन बसावे. देणगीदारांची नावे भोंग्यावरून वाचली जातात, रकमेसकट. वीज गेली आणि सभामंडपातला पंखा थांबला की पात्यावर देणाऱ्याचे नाव दिसते, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. देणाऱ्याची भक्ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एखादे नाव वाचायचे राहून गेले तर पुढच्या वर्षी काय होते, ते कमिटीवाल्यांना विचारून पाहावे. आणि मतभेद म्हणाल तर दोन्ही टोके आपल्याच भागात आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन तीर्थंकरांच्या मूर्तींसमोर उभे राहिले की कळते, तिथे कर्माचा क्षय ज्याचा त्यानेच करायचा असतो, कुणाच्या कृपेवर तो सोपवता येत नाही. आणि गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याला म्हणे विठ्ठलच हात लावतो. दळण तिचे, श्रम त्याचे. मग त्या पिठाचे पुण्य कुणाच्या नावावर मांडायचे?

ल्यूथरचा पिंड मुळात कर्मठ होता, हे विसरले जाते. उपास, जागरण, तासन्‌तास पापकबुली, काही म्हणता काही त्याने बाकी ठेवले नव्हते. रोमला गेला तेव्हा आजोबांच्या आत्म्यासाठी तिथल्या पवित्र जिन्याच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढला, पायरीपायरीला प्रार्थना म्हणत. वर पोचल्यावर मनात आले, हे खरे असेल हे कुणाला ठाऊक? हे त्यानेच म्हातारपणी सांगितले. पुरे झाले असे कधी वाटेच ना, आणि तेच त्याचे दुखणे होते. पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला सुटका सापडली: नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून, विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो. पण त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे आणि ते नेमके उलटे बोलताना दिसते. कर्मांवाचूनचा विश्वास त्याच्या लेखी निर्जीव आहे. गंमत अशी की दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात. पौल म्हणतो, त्याने विश्वास ठेवला तो बघा. याकोब म्हणतो, त्याने पोटचा मुलगा वेदीवर ठेवला तो बघा. ल्यूथरला याकोबाचे पत्र इतके अडचणीचे वाटले की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने ते हलक्या मोलाचे ठरवले. उलट बाजूने कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ‘केवळ विश्वास’ मानणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. पुढची सगळी रक्तरंजित शतके येथे सांगण्याचे कारण नाही.

हा वाद मराठी मुलखात आला तो मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून, हे खरे. पण इथे त्याची गाठ प्रायश्चित्ताशी पडली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, त्याला न्यायालयाने आईबापांच्या स्वाधीन केले. मग पेच पडला तो आपल्या शास्त्र्यांपुढे. ख्रिस्त्यांच्या पंक्तीला जेवलेले हे पोर प्रायश्चित्त देऊन शुद्ध होते की नाही? बाळशास्त्री जांभेकर ‘होते’ म्हणून उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचे शिव्याशाप खाल्ले. एकाच घरातला एक भाऊ म्हणत होता, माझ्या कर्माने काही होणार नाही, कृपेनेच होईल. आणि दुसऱ्याच्या बाबतीत अख्खी मुंबई भांडत होती की कोणते कर्म केले म्हणजे हा पुन्हा घरात येईल. हेच नारायण शेषाद्री पुढे मराठवाड्यात आले आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. परभणी-जिंतूरकडच्या जुन्या माणसांना जालना म्हणजे मिशन हॉस्पिटल एवढेच ठाऊक असते. त्या दवाखान्यामागे कोणता सिद्धांत उभा आहे, हे दुखणाईत माणूस विचारत नाही.

पण या वादाचे खरे मराठी प्रकरण शोधायचे तर पंडिता रमाबाईंकडेच जावे लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे सगळे घराणेच पुण्यावर जगत होते. पुराण सांगावे, तीर्थे करावीत, आलेल्या दक्षिणेतून ब्राह्मणांना दान द्यावे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा होते नव्हते ते विकून त्यांनी अनुष्ठाने केली, दानधर्म केला. देव पावतील या भरवशावर कुणी मजुरी केली नाही, कारण हलके काम करणे कुळाला शोभणारे नव्हते. तिरुपतीच्या रानात पाण्यावर आणि पाल्यावर दिवस काढले. आधी वडील गेले. पुढे रायचूरला, म्हणजे निजामाच्याच मुलखात, आई अंथरुणाला खिळली. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात उभ्या राहिल्या. मागायची सवय नाही, तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने विचारले तेव्हा कसाबसा बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. तिने तो मायेने दिला. आईला तो गिळता आला नाही.

आयुष्यभराच्या जपतपातून एवढे शिल्लक राहिले. म्हणून रमाबाई लगेच ख्रिस्ती झाल्या, असे मात्र नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या भगिनींशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून वर्षानुवर्षे भांडल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली आणि त्यांना कळून चुकले की धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. चर्चला जाणे, नेम पाळणे, चांगली कामे करणे हे सगळे चालू होते, म्हणजे वडिलांचीच वाट नव्या देवळात. त्याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा हॅस्लम १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता बदलला होता. उपदेशकाला उपदेशाने पाझर फुटल्याचे असे उदाहरण फारसे सापडत नाही. रमाबाईंनी ठरवले, आपली पात्रता मोजणे सोडायचे. जशी आहे तशी देवापुढे उभे राहायचे.

आता कर्मवाद्यांची नेहमीची भीती आठवा. कृपेनेच तरायचे असेल तर माणूस हातपाय गाळून बसेल. रमाबाई बसल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकड्यांनी उपाशी मुली-विधवा उचलून आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, शहरात जागा नाही, तर केडगावच्या माळरानावर त्यांची सोय केली. विहिरी खणल्या, माग घातले, घाणा, गोठा, छापखाना उभा केला. समाजाने ज्यांच्या नावापुढे फुली मारली होती त्या स्त्रियांसाठी निघालेल्या विभागाचे नाव कृपा सदन. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास जीव होते. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे काम त्यांनी मरेपर्यंत केले आणि त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी. पुण्य मिळवायचे म्हणून राबलेले डोंगरे कुटुंब मजुरीला बाहेर पडले नाही. पुण्याची आशा सोडलेली त्यांची लेक मात्र हाताला लागेल ते काम करीत सुटली. ल्यूथरच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मराठीत तरी आम्हाला दिसत नाही.

तरीही लोकमान्यांच्या ‘केसरी’ने उठवलेली झोड निव्वळ द्वेषाची म्हणून मोडीत काढता येणार नाही. विधवांना शिक्षण द्यायला म्हणून घेता आणि ख्रिस्ती करता, हा आक्षेप एवढा तापला की १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाईंनी कुणावर जबरदस्ती केली असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी आपले पटलेले लपवले नाही, इतकेच. पण दुष्काळात उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीने अन्न देणाऱ्या बाईचा देव आपला म्हटला, तर त्याला विश्वास म्हणायचे की उपकाराची फेड? बेथेलसारख्या गावात वस्तीसाठी आणि शेतीसाठी आसरा मिळालेल्या कुटुंबालाही हाच प्रश्न लागू पडतो. येथे ‘केवळ विश्वास’ हे तत्त्व मिशनऱ्यांच्याच अंगावर येते. तारण विश्वासानेच मिळत असेल तर ते भाकरीने विकतही घेता येत नाही आणि देताही येत नाही. पोटासाठी घेतलेला बाप्तिस्मा त्यांच्याच शास्त्राप्रमाणे फुकट. धर्मांतराचे आकडे मायदेशी कळवणाऱ्या संस्थांना हे उमगायला हवे होते. ल्यूथर ज्यावर चिडला तो हाच आकडेमोडीचा सोस, फक्त पत्रांऐवजी माणसे मोजली जात होती.

याहून खोल घाव घातला तो डॉ. आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या लेखनात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांचा विचार आहे. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: तुझ्या अवस्थेला भोवतालची अन्यायी व्यवस्था कारण आहे आणि ती मोडायला हवी, हे या माणसाला सांगायचे होते. त्याऐवजी सांगितले गेले, तुझे पाप कारण आहे. मग तो आपल्या आत्म्याची चिंता करीत बसला आणि जात होती तिथेच राहिली. रमाबाईंच्या केडगावला हा आक्षेप पुरता लागू नाही, पण मराठवाड्यातल्या कितीतरी मंडळ्यांना लागतो. ज्याच्याबरोबर एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचे त्याच्या घरी सोयरीक करायची म्हटले की आडनाव विचारले जाते. याकोबाचे पत्र अशाच माणसांसाठी लिहिलेले आहे. त्यात तर चक्क प्रसंगच आहे: सभेत सोन्याच्या अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यातला आला की त्याला उभे राहा किंवा पायाशी बस. असली पंगत मराठवाड्याला ओळखीची वाटते, मग सभा कोणत्याही देवाची असो.

धर्मशास्त्राच्या पातळीवर भांडण बरेच मिटले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस आपल्या पात्रतेने नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो आणि सत्कर्मे ही त्या स्वीकाराची फळे आहेत, इथपर्यंत दोघे आले. २००६ साली मेथॉडिस्टही त्यात सामील झाले. साडेचारशे वर्षांनी का होईना, पौल आणि याकोब एका ओसरीवर बसले. आपल्याकडे त्याआधीच, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरमध्ये अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्टांपैकी काही आणि इतर अशा सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले होते. त्याचे आपल्या वर्तमानपत्रांना फार अप्रूप वाटले असेल असे नाही.

राहिले ते आंबेडकरांचे भांडण. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदूंचा समावेश होता, १९५६ मध्ये शिखांचा झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. दलित ख्रिस्ती बाहेरच आहेत आणि त्यांनाही हा दर्जा मिळावा ही मागणी दशकानुदशके चालू आहे. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला. या मागणीतला पेच असा की ती करायची तर चर्चला आधी सांगावे लागते, होय, आमच्यात जात आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ सालच्या दलित धोरणात ती कबुली लेखी दिली. मराठवाड्यातल्या बाकीच्या मंडळ्या अजून सरकारकडे एक बोलतात आणि रविवारी दुसरेच. धर्मसुधारणेच्या दिवशी जालन्यापासून नांदेडपर्यंत ज्या उपासना होतील, त्यांत ल्यूथरचे नाव निघेल, पौलाचा अध्याय वाचला जाईल. आमचे म्हणणे आहे की त्या दिवशी याकोबाचा दुसरा अध्याय वाचावा आणि आयोगापुढे काय साक्ष द्यायची ते उपासना संपल्यावर, सगळे असतानाच ठरवावे.