भाडे घराचे, जोखीम कोणाची?

घर भाड्याने देण्यापूर्वी घरमालक भाडेकरूची कसून चौकशी करतो. नोकरी कोठे, घरात माणसे किती, येथपासून पोलिसांकडील नोंदीपर्यंत सारे पाहिले जाते. घराची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ज्या जिन्यावरून रोज चढावयाचे त्याच्या तुळया कुजल्या आहेत काय, न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तेथे हवा खेळण्यास वाव आहे काय, विजेच्या तारा किती जुन्या आहेत, हे प्रश्न विचारण्याची आपल्याकडे प्रथा नाही. आणि जो विचारील त्याला घर मिळेलच याची शाश्वती नाही.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडी बाजारातील हुसेनी इमारत कोसळून ३३ माणसे प्राणास मुकली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर भाडेनियंत्रणाकडे बोट दाखविले जाते, आणि ते अगदीच अनाठायी नाही. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले आणि दुरुस्ती हा मालकाच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार झाला. हे भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात नमूद केले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ आकडाच क्षुल्लक असल्यावर त्या वाढीने काय साधणार?

याच कायद्याचे १४ वे कलम घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. त्याने हयगय केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. समजा, भाडे महिना २०० रुपये आहे. तर वर्षाला हाती येतात ६०० रुपये. तेवढ्यात परांचीसुद्धा उभी राहणार नाही.

येथवर मालकवर्गाची तक्रार रास्त आहे. पण ती आजच्या साऱ्या भाड्याच्या घरांना लागू करणे ही निव्वळ दिशाभूल होय. पुण्यात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी किंवा बदली होऊन ठाण्यात आलेला कारकून बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतो आणि बाजारभावाने भाडे मोजतो. तेथे भाडे गोठलेले नाही. मग दुरुस्ती का गोठावी? आयकर कायदाही घरभाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट देतो, मालकाने दुरुस्तीवर एक पैसा खर्च केला असो वा नसो. म्हणजे दुरुस्तीपोटी समाज आपला वाटा आधीच उचलीत आहे. त्या बदल्यात सुरक्षिततेची हमी मागणे मुळीच गैर ठरत नाही.

अशा करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्यामुळे १४ व्या कलमाचा आधार त्याला सहजी मिळत नाही. त्याच्यासाठी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात एक तरतूद आहे, पण तिची आठवण क्वचितच कोणाला होते. जागेत जिवाला वा मालमत्तेला धोका पोहोचविणारा दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ५७ वे कलम म्हणते. अर्थशास्त्र ज्याला माहितीची विषमता म्हणते, तिच्यावरचा हा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तोडगा होय. तो कागदावर पडून राहिला, कारण न सांगणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कराराची नोंदणी १९९९ च्या कायद्याने बंधनकारक केलीच आहे आणि ती जबाबदारीही मालकाचीच आहे. त्या नोंदणीबरोबर मालकाचे सुरक्षा-निवेदन जोडणे सक्तीचे करावे: विजेची जोडणी, गिझर, जिना यांची स्थिती, आणि इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास संरचना-तपासणीचा दाखला. मुंबईत अशी तपासणी महापालिका कायद्याने आवश्यक ठरविलीच आहे. कोणती दुरुस्ती कोणी करावी, याची वाटणी केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात स्पष्ट केलेली आहे. बांधकाम, नळवाहिन्या आणि विजेच्या तारा मालकाकडे. नळाचा वॉशर, बटणे यांसारखी किरकोळ कामे राहणाऱ्याकडे. तो केवळ नमुना असला, तरी राज्याने ही वाटणी प्रत्येक कराराचा भाग करण्यास कसली अडचण?

यामुळे भाडी वाढतील, असा आक्षेप येईल. थोडी वाढतीलही. निवृत्तिवेतनाला एका खोलीच्या भाड्याची जोड देणाऱ्या वृद्ध मालकाला हा भार जाणवेल, हेही खरे. परंतु आज तो खर्च टळलेला नाही. तो धोक्याच्या रूपाने अशा माणसावर ढकलला गेला आहे, ज्याला त्याची कल्पनाही नाही. भाड्यात दिसणारा खर्च परवडतो की नाही, हे माणूस ठरवू शकतो. भिंतीत दडलेला खर्च त्याला तेवढीही संधी देत नाही. भाडेकरूचा कागद ज्या दिवशी पोलिस ठाण्यात जातो, त्याच दिवशी घराचा कागद त्याच्या हाती पडावा, एवढीच ही मागणी आहे.